वाट देण्याचा अर्ज

त्र्यंबक अधिकारी यांनी पेणजवळ जमीन घेतली, त्यात त्यांची म्हणून काही चूक नव्हती. जमीन चौकोनी होती, डांबरी रस्त्याला लागून होती, विकणारा माणूस दारू पीत नव्हता आणि सात-बाऱ्यावर त्याचंच नाव होतं. याहून जास्त चौकशी माणूस मुलीचं लग्न ठरवतानाही करत नाही. फक्त जमीन बघायला ते भर दुपारी गेले, हे जरा चुकलं. दुपारी त्या हमरापूरच्या बाजूला सगळे जेवून आडवे झालेले असतात आणि जमिनीवरून कोण जातं, कोण येतं, ते काही कळत नाही.

‘अधिकारी’ हे त्यांचं आडनाव. हुद्दा नव्हे. रोह्याच्या शाळेत ते नागरिकशास्त्र शिकवत. ‘नागरिकांचे हक्क’ हा धडा ते असा रंगवून शिकवत की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा हक्कांसाठी उठून उभी राहत. ‘नागरिकांची कर्तव्ये’ हा धडा वर्षाच्या शेवटी यायचा, तोवर तास संपलेले असायचे, तेव्हा तो घरी वाचून यायला सांगत. निवृत्ती तोंडावर आली होती, मुलगा अंबरीश मुंबईला नोकरीत रुळला होता, वत्सलाबाईंचं माहेर पेणचं. तेव्हा भाड्याचं घर सोडून पेणला स्वतःचं घर बांधायचं, इतका साधा बेत होता.

भूमिपूजन अक्षय तृतीयेला केलं. चुन्याच्या फक्कीनं खोल्या आखल्या होत्या. वत्सलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून भावी दिवाणखान्यात पाटावर बसल्या होत्या. भटजींनी कुदळीला हळदकुंकू वाहिलं, त्र्यंबकरावांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा समोरून गणपती येत होता. क्षणभर त्यांना वाटलं, पूजा पावली. मग पहिल्यामागे दुसरा गणपती आला, दुसऱ्यामागे तिसरा. रंग न दिलेले, पांढरेफटक गणपती, कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या डोक्यावर, कुणी दोघांनी मिळून फळीवर धरलेले. रांगेच्या पुढे एक उंच, काटक बाई होती. ती भावी स्वयंपाकघरातून आत शिरली, दिवाणखान्यात वळली आणि पूजेपाशी थांबली. हातातला गणपती तिनं खाली ठेवला, मनोभावे नमस्कार केला, भटजींना नारळ कुठल्या दगडावर फुटेल ते सांगितलं, प्रसाद घेतला, मागच्या सगळ्यांना वाटला आणि भावी न्हाणीघरातून रस्त्याकडे निघून गेली. रस्त्यावर टेम्पो उभा होता.

त्र्यंबकराव सोवळ्यानंच मागे धावले. चौकशीअंती कळलं की बाईचं नाव सगुणा मोकल. जमिनीच्या मागच्या अंगाला तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, कमळाकरचा, गणपतींचा कारखाना होता.

“ही आमची वाट हाय, मास्तर,” सगुणा म्हणाली. “सासऱ्यांच्या येळेपासनं. तुमी खुशाल घर बांदा. आमी कडेकडेनं जाऊ.”

यातला ‘खुशाल’ हा शब्द त्र्यंबकरावांना लागला. स्वतःच्या जमिनीत घर बांधायला आपल्याला परवानगी मिळाली आहे, आणि तीही तोंडात खोबरं असताना. शिवाय आपण मास्तर आहोत हे या बाईनं नुसतं बघून ओळखलं, हा एक वेगळाच अपमान होता. जमीन विकणाऱ्याला गाठून विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला की ती काही वाट नाही, ती नुसती सवय आहे.

रोह्याला परतल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. मुख्याध्यापकांनी निवडुंग लावायला सांगितलं. बँकेतल्या एकानं कुत्रा पाळायला सांगितलं, आणि कुत्र्याचं पिल्लूही देऊ केलं, त्यावरून त्याच्या घरी कुत्री व्याली आहे हे उघड झालं. पण खरा सल्ला मिळाला तो घरमालक हैबतरावांचा. हैबतरावांचा सख्ख्या भावाशी आंब्याच्या एका फांदीवरून दावा चालू होता. आंबा केव्हाच वठून गेला होता, दावा मात्र अजून हिरवागार होता. त्यांनी सुपारी कातरत सगळी हकिगत ऐकली आणि सांगितलं की आज गणपती जातो आहे, उद्या बैलगाडी जाईल, परवा डांबर पडेल. तेव्हा आधी काटेरी तार.

तार घातली. पुढच्या रविवारी त्र्यंबकराव एस.टी.नं पेणला उतरले आणि छत्री टेकत आपल्या सीमेचं रक्षण बघायला गेले. तार जागच्या जागी होती. तिच्या मधून गणपती चालले होते. सगुणा एका हातानं वरची तार उचलून धरत होती, पायानं खालची दाबत होती आणि माणसं वाकून एकेक मूर्ती अलगद पलीकडे नेत होती.

“बरं झालं आलाव, मास्तर,” ती म्हणाली. “जरा ही वरची धरा.”

आणि त्र्यंबकरावांनी धरली. यावर त्यांनी नंतर पुष्कळ विचार केला, पण आपण ती का धरली याचं उत्तर त्यांना सापडलं नाही. समोरून गणपती येतो आहे, माणूस वाकलेला आहे, मूर्तीचा कान तारेला लागणार, अशा वेळी हक्क आठवत नाहीत, हात पुढे होतो. शेवटची मूर्ती जाईपर्यंत ते तार धरून उभे राहिले. काटा लागून धोतर फाटलं ते वेगळंच. हैबतरावांना त्यांनी ‘अतिक्रमण अद्याप चालू आहे’ एवढंच सांगितलं. तार कोण धरून होतं, हा तपशील गाळला.

मग हैबतरावांनी एक नोटीस लिहून दिली. तिच्यात ‘सबब’ हा शब्द इतक्या वेळा होता की वाचताना त्र्यंबकरावांना स्वतःचीच भीती वाटली. कमळाकर मोकल हा हळू बोलणारा, सावकाश हलणारा माणूस. जन्मभर ओल्या मूर्ती उचलल्यामुळे त्याला कुठलीही गोष्ट झटक्यानं करता येत नसे. तो नोटीस घेऊन तलाठ्याकडे गेला, तलाठ्यानं त्याला वाट मागण्याचा अर्ज करायला सांगितलं, आणि प्रकरण तालुक्याच्या कचेरीत जाऊन पोहोचलं.

तारखेच्या दिवशी शिपायानं नाव विचारलं. त्र्यंबकरावांनी ‘अधिकारी’ असं सांगताच तो ताडकन उभा राहिला, त्यांना पंख्याखाली खुर्ची दिली आणि पाणी आणलं. कमळाकर आणि सगुणा भिंतीशी उभे होते. थोड्या वेळानं आतून ‘त्र्यंबक अधिकारी, शिक्षक, राहणार रोहा’ असा पुकारा झाला. ते आत जाऊन तारीख घेऊन बाहेर आले तोवर खुर्ची गेली होती आणि पाण्याचा पेलासुद्धा अर्धा असतानाच उचलला होता. एस.टी.च्या वेळेपर्यंत मग तेही भिंतीशी मोकलांच्या शेजारी उभे राहिले. सगुणानं त्यांना पिशवीतली काकडी दिली. विरुद्ध पक्षाची काकडी खावी की नाही याबद्दल हैबतरावांनी काही सांगितलेलं नव्हतं. ऊन फार होतं. त्यांनी खाल्ली.

गणपती झाले, दिवाळी झाली, आणि तहसीलदार स्वतः जागा बघायला आले. मनुष्य सज्जन होता. त्यांनी कमळाकरला विचारलं की वाट किती रुंद होती.

“गणपती जाईल येवडी,” कमळाकर म्हणाला.

कोणता गणपती, असं त्यांनी विचारलं, कारण कारखान्याच्या दारात वीतभर उंचीपासून दोन पुरुष उंचीपर्यंतचे सगळे उभे होते.

कमळाकरनं बराच विचार केला. “सायब, वडलांच्या टायमाला हातभर असायचा. आता मंडळांच्या ऑर्डरी येतात. त्याला आमी काय करनार? देव मोठा होत चाललाय.”

हे उत्तर कागदावर कसं लिहावं हे कारकुनाला कळेना. नेमक्या त्या वेळी त्र्यंबकराव पुढे झाले आणि त्यांनी छत्रीनं मागच्या अंगाचा बांध दाखवला. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला तो मातीचा बांध कारखान्यामागून निघून मोठा वळसा घेत डांबरी रस्त्याला मिळत होता. थंडीचे दिवस, बांध वाळून टणक झालेला. तहसीलदार त्यावरून थोडं चालून आले, बुटांना धूळही फारशी लागली नाही. दुसरा रस्ता उपलब्ध आहे, म्हणून अर्ज नामंजूर. त्र्यंबकराव जिंकले. कमळाकरनं सवयीनं साहेबांना नमस्कार केला आणि त्याच सवयीनं, वळून, त्र्यंबकरावांनाही केला. तेवढं जरा बरं वाटलं नाही. पण रोह्यात पेढे वाटले.

त्यानंतर भिंत. गुणाजी गवंड्यानं तिला साधं वीटकाम सुचवलं होतं, पण त्र्यंबकराव दर रविवारी छत्री उघडून त्याच्या डोक्याशी उभे राहिले. सिमेंट कमी पडता कामा नये, दर थर पाणी पिऊनच वर गेला पाहिजे. आपण किल्ला बांधतो आहोत का, असं गुणाजीनं एकदा विचारून घेतलं. वरून काचा बसवा, असा निरोप हैबतरावांनी खास पाठवला. त्र्यंबकराव पोटासाठी एक पाचक काढा कैक वर्षं घेत होते, त्याच्या रिकाम्या बाटल्या वत्सलाबाईंनी माळ्यावर साठवल्या होत्या. त्या फोडून भिंतीवर लावल्या. घर मात्र भिंतीच्या मानानं लवकर आणि स्वस्तात झालं, आणि पुढच्या जूनमध्ये, निवृत्तीचा हार सुकायच्या आत, अधिकारी पतिपत्नी तिथे राहायला आले.

इतकी शांतता त्र्यंबकरावांनी जन्मात ऐकली नव्हती. सकाळी पेपर वाचून झाला की दुपारपर्यंत काही होत नसे. दुपारी काही होत नाही हे बघत ते पडवीत बसत. पुढच्या रस्त्यावरून टेम्पो जात, भिंतीपलीकडून हसण्याबोलण्याचे आवाज येत, पण या बाजूला कुणी फिरकत नसे. पाहुण्यासारखी एकदा मांजर आली, तीही काचा बघून परत गेली. वत्सलाबाईंचं मात्र बरं चाललेलं दिसत होतं. जेवणं आटोपली की त्या छत्री घेऊन ‘देवाकडे जाऊन येते’ म्हणून निघत आणि चहाच्या वेळेला गुणगुणत परत येत. पेणची हवा मानवली, असं त्र्यंबकरावांनी अंबरीशला पत्रातून कळवलं. कुठल्या देवाकडे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. बायकोनं देवाला जाणं ही विचारण्याची गोष्ट नव्हे.

आषाढातल्या एका दुपारी ते पडवीत पेंगत असताना भिंतीपलीकडून कमळाकरची हाक आली. एरवी सावकाश बोलणारा तो माणूस त्या दिवशी मात्र भरभर बोलत होता.

“मास्तर, स्टूल घ्या नि भिंतीपाशी या. बाई पडल्यात. घाबरू नका, जीवाला काय नाय. पाय गेलाय.”

त्र्यंबकराव स्टुलावर चढले. पलीकडे चिखलानं माखलेल्या वत्सलाबाई एका फळीवर आडव्या होत्या. फळी मंडळाच्या गणपतीची होती. पोट, छाती आणि खांदा अशा तीन ठिकाणी मऊ चिंध्यांचे बंद बांधून त्यांना नीट बसवलं होतं, आणि दुखावलेल्या पायाभोवती पेंढा खच्चून भरला होता. त्या बांधावरून घसरल्या होत्या. थंडीत वाळून टणक झालेला तो बांध पावसात लोण्यासारखा झाला होता, आणि त्यावरून कुणाला उचलून नेणं शक्य नव्हतं. टेम्पो उभा होता पुढच्या रस्त्यावर. मधे भिंत होती.

सगुणानं चार गोणपाटं काचांवर टाकली, वर पेंढा पसरला. दोन माणसं विजेच्या खांबाला धरून भिंतीच्या कडेवर चढली.

“बाई, आता हलू नका,” कमळाकर म्हणाला. “आमच्या हातनं अजून एकाही गणपतीची सोंड मोडली नाय.”

फळी उचलताना सगळ्यांच्या तोंडून सवयीनं ‘मोरया’ निघालं. त्यांना त्याखेरीज काही उचलताच येत नसे. वत्सलाबाई वेदनेनं पांढऱ्या पडल्या होत्या, तरी त्यांना हसू फुटलं. फळी भिंतीवर टेकली, तोल सांभाळून क्षणभर थांबली. तिथे उताणं पडल्या पडल्या त्यांनी मान वळवून पेंढ्यातून डोकावणाऱ्या हिरव्या काचेकडे पाहिलं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “ही आपल्या काढ्याची बाटली ना?”

त्र्यंबकरावांनी हात वर करून फळीचं टोक धरलं. बायकोचा हात त्यांच्या हाताला लागला तेव्हा दिसलं, की तिच्या बोटांना सोनेरी रंग लागला आहे आणि नखांत केशरी.

टेम्पो जनू नावाचा माणूस चालवत असे. मूर्ती नेण्याच्या सवयीमुळे तो प्रत्येक खड्ड्यापाशी थांबून आधी खड्ड्याकडे आदरानं बघे आणि मग चाक उतरवी. मागून भोंगे वाजत होते. सगुणा मागे वत्सलाबाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि त्र्यंबकराव पेंढ्यात, एका अर्धवट रंगवलेल्या गणपतीला टेकून. त्या टेकलेल्या अवस्थेत, सगुणाच्या बोलण्यातून, त्यांना सगळं कळत गेलं. दारातली रांगोळी बघून सगुणानं वत्सलाबाईंना बोलावलं होतं. बाईंचा हात पीतांबराच्या काठाला चांगला बसला होता. तेव्हापासून त्या रोज बांधावरून मोठा वळसा घालून कारखान्यात जात होत्या. देवाकडे जाते हे त्यांचं म्हणणं तसं खोटं नव्हतं, फक्त देव तिथे फार संख्येनं होते. आणि जे अंतर सरळ गेलं तर चार पावलांचं होतं, ते त्यांनी गुडघेदुखी सोसून रोज चिखलातून काटलं होतं, नवऱ्याला जिंकल्यासारखं वाटत राहावं म्हणून.

“मला सांगितलं का नाहीस?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही पेढे वाटले होते ना,” वत्सलाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पाय बघितला आणि हाड सरकलेलं नाही, ज्यांनी आणलं त्यांनी फार जपून आणलं, नाहीतर ऑपरेशनच होतं, असं सांगितलं. प्लास्टर घातलं. सगुणानं ते बोटानं वाजवून पाहिलं आणि डॉक्टरांचा हात बरा आहे, फक्त घोट्यापाशी घोटाई कमी पडली, असं मत दिलं. पुढच्या आठवड्यात कारखान्यातल्या दोघी पुढच्या रस्त्यानं रंगांच्या वाट्या घेऊन आल्या आणि त्यांनी त्या पांढऱ्या पायावर पैंजण, जोडवी आणि जांभळा काठ असं सगळं रेखून टाकलं. डॉक्टरांनी ते नंतर कापलं तेव्हा त्यांच्याच जिवावर आलं.

त्या दिवसांत मोकलांच्या घरून रोज डबा येत होता. रोज बांधावरून, चिखलातून. कधी भाकरी आणि वालाचं बिरडं, कधी नुसती पेज. भिंतीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. कुणी टोमणा मारला असता तर त्र्यंबकरावांना उत्तर देता आलं असतं, त्यांची तयारी होती. पण डब्याला काय उत्तर देणार? एका सकाळी दाढी करता करता ते थांबले, तोंडाला साबण तसाच ठेवून वत्सलाबाईंच्या खाटेपाशी आले आणि भिंत पाडायची असं म्हणाले. नुसती पाडायची नाही. वाट कागदावर चढवायची. आपल्यामागे अंबरीशनं जमीन विकली, तर विकत घेणाराही कुणीतरी हैबतरावांच्या ओळखीचा निघेल.

कचेरीतला कारकून तोच होता. त्यानं कागद वाचला, उलटून मागे काही आहे का बघितलं, आणि चष्मा काढला.

“तुम्ही तर जिंकलाय.”

“हो.”

“मग ही वाट मागताय कुणाकडे?”

त्र्यंबकराव म्हणाले की मागत नाही, देतो आहे. कारकून समजुतीच्या सुरात म्हणाला, “मास्तर, वाट मागण्याचा अर्ज असतो. वाट देण्याचा अर्ज नसतो.” कचेरी ही मागणाऱ्यांसाठी आहे, इथे आजवर कुणी द्यायला आलेलं नाही, असं त्यानं समजावलं. शेजारच्या टेबलावरच्यानं घरी सगळं ठीक आहे ना, मुलानं काही दबाव आणला आहे का, अशी आस्थेनं चौकशी केली. शेवटी उपाय निघाला तो असा, की मोकलांनी पुन्हा अर्ज करावा आणि अधिकाऱ्यांनी हरावं.

पण कमळाकर ऐकेना. “येकदा मागितली, तुमी नाय बोललाव,” तो म्हणाला. “परत मागनं बरं दिसत नाय. नि बाई खाटेवर असताना तुमच्यावर अर्ज लावला तर गावात तोंड कसं दाखवू?” त्र्यंबकरावांनी त्याला आपल्यावर दावा लावण्यासाठी परोपरीनं विनवलं. नागरिकांचे हक्क समजावले. अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहून नेला, त्यात स्वतःबद्दल ‘सदर इसम हेकट स्वभावाचा असून’ असंही घातलं. कमळाकरनं तो सगुणाकडून वाचून घेतला आणि खोट्या कागदावर सही करणार नाही म्हणून परत दिला. ते वाक्य त्र्यंबकरावांनी घरी येऊन दोनदा मनाशी म्हटलं.

अखेर तहसीलदारांनाच दया आली. त्यांनी सांगितलं की अर्ज राहू द्या, दोघांनी राजीखुशीनं लेख करा, नोंदवा, तलाठी सात-बाऱ्यावर घेईल. लेख लिहिणाऱ्याला रुंदी फुटात हवी होती. तेव्हा सगळे मिळून कारखान्यात गेले आणि त्या वर्षीच्या सगळ्यात मोठ्या गणपतीला, दोन्ही बाजूंचे हात धरून, दोरी लावून मापलं. माप घेताना वत्सलाबाई पुन्हा भिंतीवरून, फळीवर बसून आल्या होत्या. त्यांनीच सांगितलं की आणखी थोडी सोडा, देवाचं काही खरं नाही.

भिंत पाडायला गुणाजी आला आणि दिवसभर घण घालून त्याला फक्त वरच्या बाटल्या काढता आल्या. सिमेंट इतकं चांगलं लागलं होतं की विटा फुटत, सांधे फुटत नसत. दुसऱ्या दिवशी त्यानं स्पष्ट सांगितलं की आयुष्यात एकच काम नीट केलं आणि तेच पाडायला लावलं, हे त्याच्या मनाला लागतं आहे. गणपती जवळ येत चालले. मंडळांचे टेम्पो रस्त्यावर येऊन उभे राहू लागले. मग कारखान्यातली माणसं आली, जनू आला, त्र्यंबकरावांनी स्वतः पहार घेतली आणि हाताला फोड आणले. हैबतराव रोह्याहून मुद्दाम ते दृश्य बघायला आले होते. पडवीत बसून त्यांनी मान हलवली, तीन कप चहा घेतला आणि जाताना अगदी हळू आवाजात विचारलं की भावाला फांदी देऊन टाकायची झाली तर त्याचाही असा लेख होतो का.

वाट मोकळी झाली आणि घरासमोरून गणपती जाऊ लागले. सकाळपासून अंधार पडेपर्यंत. वत्सलाबाई प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून पडवीत बसत आणि प्रत्येक मूर्ती जाताना पीतांबराचा काठ बघून हा माझा, हा सगुणाचा, असं सांगत. त्र्यंबकरावांना काम असं नव्हतं, पण ते उभे राहत. मोठा गणपती निघाला तेव्हा विजेची तार बांबूनं वर धरायला कुणीतरी हवं होतं. त्यांनी धरली.

हरतालिकेच्या दिवशी शेवटचा टेम्पो गेला. दुपारी वाट रिकामी पडली. त्र्यंबकराव जरा वेळ येरझाऱ्या घालत राहिले, मग त्यांनी कोट चढवला. शाळेच्या प्रत्येक समारंभात आभारप्रदर्शन त्यांच्याकडे असे. पाहुणे, देणगीदार, मांडववाला, ध्वनिक्षेपकवाला, कुणालाही न विसरता ते आभार मानत. आणि ज्या लोकांनी त्यांच्या बायकोचा पाय वाचवला, त्यांचे आभार मानायचे अजून राहूनच गेले होते. घरातल्या घरात त्यांनी सुरुवात तीनचार वेळा जुळवून पाहिली. मग ते निघाले, आणि चिखल तुडवत, बांधावरून वळसा घालून कारखान्यात पोहोचले.

शेडमधे आता काही नव्हतं. जमिनीवर पांढरी भुकटी, कोपऱ्यात उलटे ठेवलेले साचे, पेंढ्यावर कमळाकर मेल्यासारखा झोपलेला. सगुणा कुंचले धूत होती. तिनं त्यांच्या पायांकडे पाहिलं, ते पोटऱ्यांपर्यंत बरबटलेले होते, मग वाटेकडे पाहिलं.

“बांधावरनं कशाला आलाव?”

त्र्यंबकरावांनी खरं ते सांगितलं. लेखात वाट मोकलांची आहे, कारखान्यापासून रस्त्यापर्यंत जाण्यासाठी. अधिकाऱ्यांनी घरापासून कारखान्याकडे यावं, असं त्यात कुठंच लिहिलेलं नाही.

सगुणा कुंचले हातातून सोडून भुकटीतच बसली आणि पोट धरून हसू लागली. कमळाकर दचकून उठला. तिनं त्याला सांगितलं, तेव्हा तोही त्याच्या पद्धतीनं, सावकाश, हसायला लागला. त्र्यंबकरावांनी कोट सारखा केला आणि ते म्हणाले, “सगुणाबाई, आजच्या या प्रसंगी मला दोन शब्द…” पुढे त्यांना काही आठवेना. चष्म्यावर भुकटी बसली होती.

“बसा आदी,” सगुणा म्हणाली. “च्या घेताव का?”

कोरा चहा होता, गूळ घातलेला. तो त्यांनी संपवला, दुसऱ्यांदा घेतला. नंतर दोघं त्यांना पोहोचवायला निघाले, वाटेनं. सगुणानं वत्सलाबाईंसाठी पातेल्यात काहीतरी घेतलं होतं. चालता चालता त्र्यंबकराव थांबले. भिंतीचा उरलेला भाग त्यांनी या बाजूनं आज पहिल्यांदा नीट पाहिला. आतून त्यांनी तिला गुळगुळीत गिलावा केला होता, पिवळा रंग दिला होता. बाहेरून ती तशीच होती, उघड्या विटा, सिमेंटचे ओघळ, मधेच एक फुटकं नळकांडं. वर्षभर या लोकांनी रोज उठून हे बघितलं होतं.

“उद्या गुणाजीला बोलावतो,” ते खालमानेनं म्हणाले. “या बाजूलाही गिलावा करून घेऊ.”

“गुणाजी कशाला?” कमळाकर म्हणाला. “पिलास्टर आमच्याकडं ढीगभर पडलाय. मी नि सगुणा करू. वरनं वेलबुट्टीबी काडू.”

मूर्तीचं प्लास्टर उघड्यावर एक पाऊससुद्धा टिकणार नाही, हे त्र्यंबकरावांना ठाऊक होतं. कमळाकरला तर ते त्याहून चांगलं ठाऊक असणार.

“चालेल,” ते म्हणाले. “दर वर्षी करू.”